पिशवी निघाली सिलोनला

सत्तावन सालच्या त्या चैत्र-वैशाखात सारजाबाई सकाळी उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत रागावलेल्या असत, आणि राग कोणावर आहे असं विचारलं तर यादी लांबत असे. नवरा तर होताच. ज्या यादीत नवरा नाही ती रागाची यादी कसली? त्याच्याखाली शेजारच्या आक्काबाई, पंचांगवाले कुंडलिकतात्या, एक पोलीस शिपाई, कचेरीतला कारकून आणि मुंबईचं एक अख्खं ऑफिस. पण सगळ्यांच्या वर, पहिल्या नंबराला, एक पिशवी होती. खाकी रंगाची, दोन पट्ट्यांची, पाठीवर अडकवायची लष्करी पिशवी. माणसावर रागावलं तर त्याला बोलता येतं, त्याच्या ताटात भाकरी जरा जोरात टाकता येते. पिशवीचं काय करणार? त्यातून ही पिशवी घरात नव्हती. पिशवी परदेशी निघाली होती आणि सारजाबाई घरात होत्या.

त्यांचे यजमान महिपतराव बारामतीतल्या एका शाळेत सव्वीस वर्षं भूगोल शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. फळ्याकडे पाठ करून, हात मागे नेऊन सिलोन बेटाचा नकाशा काढून दाखवण्याबद्दल ते तालुक्यात प्रसिद्ध होते. चहा कुठल्या डोंगरात, दालचिनी कुठे, मोती कुठल्या किनाऱ्याला, सगळं तोंडपाठ. स्वतः मात्र पुण्यापलीकडे गेले नव्हते. सारजाबाई तर तिथवरही नाही. सासर बारामती, माहेर डाळज. या दोहोंच्या मधे बैलगाडीतून जेवढं दिसतं तेवढं त्यांचं जग. "पुढच्या मे महिन्यात तुला कुठंतरी नेतो," हे वाक्य त्यांनी लग्नापासून दरसाल ऐकलं होतं आणि दर मे महिन्यात नवरा परीक्षेचे पेपर तपासत बसलेला पाहिला होता.

निवृत्त झाल्यावर महिपतरावांना एकदम जाणीव झाली असावी. चारचौघांसारखं काशीला जाऊ, असं म्हणाले असते तर ही गोष्टच झाली नसती. ते म्हणाले सिलोन. आगगाडीनं मद्रास, तिथून धनुष्कोडी, मग बोट, आणि पलीकडे उतरल्यावर महिनाभर सबंध बेटाला वळसा. मोटार मिळाली तर मोटारीनं, लॉरी मिळाली तर लॉरीनं, नाहीतर पायी. सामान एकच, पाठीवरच्या पिशवीत मावेल तेवढं. ती पिशवी त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणली. सोबत सारजाबाईंसाठी कॅनव्हासचे बूट. "अर्धा दिवस पिशवी मी घेईन, अर्धा दिवस तू," असंही त्यांनी जाहीर केलं आणि आपण फार सुधारक आहोत अशा चेहऱ्यानं चहा मागितला.

सारजाबाईंनी दोन दिवस विश्वास ठेवला नाही. तिसऱ्या दिवशी ठेवला, आणि मग मात्र त्या कोणाला ऐकेनात. कारण थोरली छबू ज्येष्ठात पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. छबूनंतर धाकटी होती, धाकटीनंतर सुना होत्या. एकदा घरात पाळणा हलायला लागला की आपण हलणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जायचं तर ज्येष्ठाच्या आत, नाहीतर या जन्मात नाही.

ही बातमी कसब्यात पसरली आणि सल्ल्यांना तोंड फुटलं. आपल्या लोकांचं एक आहे. स्वतः कधी गाव सोडायचं नाही, पण दुसरा निघाला की त्याला वाट सांगायची. कोणी म्हणालं तिथं नारळाच्या तेलात भाजी करतात, पोटाला बाधेल. कोणी म्हणालं तिथली माणसं दिसायला बरी, पण शेवटी मुलूख रावणाचा. आक्काबाईंना बूट आणि पिशवी दोन्ही खटकले.

"सारजे, बाईमाणसानं वझं डोक्यावर घ्यावं. पाठीवर घेतलंस तर लोकांना वाटंल, पोर बांधलंय. ह्या वयात."

"वाटू दे," सारजाबाई म्हणाल्या. "तितं मला वळखतंय कोण?"

"आन सीतामाईला वढून न्हेलं तितं तू सवताच्या पायानं चाललीस व्हय?"

"तिला बूट कुठं व्हतं," असं म्हणून सारजाबाई घरात निघून गेल्या. एवढं तडकाफडकी उत्तर आपण देऊ शकतो याचं त्यांनाच नवल वाटलं.

पासपोर्टाचे अर्ज पौषातच मुंबईच्या ऑफिसात गेले होते, एक मास्तरांचा, एक बाईंचा. मास्तरांनी आपल्या अर्जाला सतरा कागद जोडले. सारजाबाईंजवळ जन्माचा कागदच नव्हता. डाळजच्या दोन म्हाताऱ्यांनी "दुष्काळाच्या आदल्या साली झाली" असं सांगितलं आणि प्रतिज्ञापत्रावर अंगठे उठवले, तेवढ्यावर त्यांचा अर्ज भागला. उत्तर आलं, कार्यवाही चालू आहे. महिपतरावांनी याचा अर्थ काढला, आठवड्यात येतोय. सरकारी वाक्याचा अर्थ शब्दकोशात बघून काढणारी माणसं मास्तरकीतच सापडतात.

इथं कुंडलिकतात्यांनी पंचांग उघडलं. दक्षिण ही यमाची दिशा. तिकडे जायला फाल्गुन शुद्ध दशमीनंतर दोन महिने मुहूर्त नाही. पण त्याला आपल्याकडे तोड आहेच. ज्याला मुहूर्तावर निघता येत नाही त्यानं प्रस्थान ठेवावं. म्हणजे आपल्या सामानातलं गाठोडं, हळकुंड-सुपारी-अक्षता घालून, मुहूर्तावर शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं की माणूस निघाला असं धरतात. मग तो केव्हाही निघो, मुहूर्त साधलेलाच. फक्त प्रस्थान मागं फिरवायचं नाही. ते घरी परत आलं की प्रवास मोडला.

सगळं रीतसर करण्याची खोड असल्यामुळे महिपतरावांनी रिवाजापुरतं गाठोडं न करता खरी पिशवीच भरली. आपले कपडे, सारजाबाईंची दोन्ही चांगली लुगडी, बूट, नकाशे, आणि वाटेत लागतील म्हणून आपल्या सतरा कागदांच्या मूळ प्रती. दशमीला सकाळी पिशवी आक्काबाईंच्या घरी पूर्वेच्या कोपऱ्यात पाटावर विराजमान झाली.

आठवडा गेला, पासपोर्ट आला नाही. आक्काबाई कुरकुरायला लागल्या. कोपरा झाडता येईना, समोर पाय पसरून झोपता येईना. त्यांनी तात्यांना गाठलं. तात्यांनी पुन्हा पंचांग उघडलं आणि निर्णय दिला, की प्रस्थान एका जागी पाच दिवसांवर ठेवू नये, शिळं होतं. मागं तर नेता येत नाही, तेव्हा पुढं सरकवावं, जायच्या वाटेवर. हा नियम पंचांगात होता की तात्यांच्या डोक्यात, हे अखेरपर्यंत कळलं नाही. पिशवी गावाबाहेरच्या एका वांग्याच्या मळ्यात गेली. तिथून पाच दिवसांनी निमगाव केतकीचा सोपान, महिपतरावांचा जुना विद्यार्थी, बाजाराला पानं घेऊन आला होता, त्यानं ती मोठ्या भक्तिभावानं आपल्या गाडीत घातली आणि पानमळ्यातल्या खोपीत नेऊन ठेवली. तिथून इंदापूरला, महिपतरावांच्या चुलतबहिणीकडे, द्वारकाबाईंकडे. त्यांनी मात्र ती पुढं सोडलीच नाही.

प्रत्येक वेळी निरोप यायचा: प्रस्थान सुखरूप पोचलं, काळजी नसावी. सारजाबाई तो निरोप ऐकायच्या, अंगावरच्या विटक्या लुगड्याकडे बघायच्या आणि त्यांचं डोकं फिरायचं. निमगाव त्यांनी पाहिलं नव्हतं. इंदापूर पाहिलं नव्हतं. पिशवीनं पाहिलं होतं. पाडव्याला नेसायला लुगडं नव्हतं, कारण ते पानमळ्यात हवा खात होतं. आणि पाण्याला गेलं की रोज एकच प्रश्न. "सारजाबाई, गेला न्हाय व्हय अजून?" पहिल्या दिवशी त्यांनी नीट उत्तर दिलं. दहाव्या दिवशी घागर अर्धीच भरून परत आल्या.

खरा घात चैत्र पौर्णिमेच्या सुमारास झाला. पासपोर्टाच्या चौकशीला पोलीस शिपाई आला. महिपतराव पोस्टात गेले होते, सारजाबाई कालव्यावर धुणं घेऊन. दाराला कडी. शिपायानं शेजारी चौकशी केली आणि ती कोणाकडे, तर आक्काबाईंकडे.

हे सगळं आक्काबाईंनीच संध्याकाळी सांगितलं, तेही शाबासकीच्या अपेक्षेनं.

"मला म्हनला, मास्तर हितं ऱ्हात्यात का? म्या म्हनलं, गेलं की सिलोनला. महिना झाला."

सारजाबाईंच्या हातातला पिळा खाली पडला. "गेलं? आक्काबाई, आमी तुमच्या डोळ्यांम्होरं हाय की."

"अगं, परस्थान ठिवलं व्हतं माझ्या घरी. ठिवलेल्या परस्थानाला 'गेलं न्हाय' म्हनायचं आसतंय का? तुमच्या परवासाला म्या तोंड लावीन व्हय? त्यो म्हनला, पासपोर्टाबिगर गेलं? म्या म्हनलं, हळकुंड-सुपारी ठिवून गेल्यात, समदं रीतसर. त्यानं लिवून घ्येतलं बिचाऱ्यानं."

आक्काबाईंचं चुकलं असं म्हणायला सारजाबाईंना जागा नव्हती. आपणही हेच म्हणालो असतो, हे त्यांना आतून कळत होतं, आणि त्यामुळे राग दुप्पट झाला. ज्याच्यावर रागवायचं ते माणूस बरोबर आहे, यासारखा त्रास नाही.

पंधरा दिवसांत महिपतरावांच्या नावानं, बारामतीच्याच पत्त्यावर, लखोटा आला. अर्जदार पारपत्राविना देश सोडून गेल्याचं चौकशीत आढळून आलं आहे, तरी अर्जदारानं समक्ष हजर राहून खुलासा करावा. जो माणूस देशात नाही त्याला हजर राहायला सांगणारं हे पत्र महिपतरावांनी तीनदा वाचलं आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका लाल पेन्सिलीनं दुरुस्त केल्या. सारजाबाईंनी पत्र हिसकावून घेतलं नाही एवढंच.

मामलेदार कचेरीत दोघंही गेले. कारकून तरुण होता, नम्र होता, आणि त्यामुळे जास्तच संताप आणत होता.

"मास्तर, तुमी समोर बसलाय ते मला दिसतंय. पण कागदावर तुमी गेलाय."

"अहो, मी गेलोच नाही."

"मग परत आल्याची तारीख टाका. आला कवा?"

"गेलोच नाही तर परत कसा येईन?"

"तेच म्हनतो. परत आल्याची नोंद न्हाय, म्हंजी अजून तिकडंच हाय." कारकुनानं कागद उलटा केला. "आसं करा. शाळेत सलग हजर व्हता, पौषात सेवेतनं मोकळं झाला, त्याचा मूळ दाखला आना. तो लावून वर मुंबईला पाठवतो. तीन-चार महिन्यांत निकाल लागंल."

मूळ दाखला. तो इंदापुरात होता, पिशवीत, सारजाबाईंच्या लुगड्याखाली.

"आन माझं?" सारजाबाईंनी विचारलं. कचेरीत बाईमाणसानं तोंड उघडलं म्हणून महिपतरावांनी दचकून पाहिलं. "मी बी गेले का ऱ्हायले?"

कारकुनानं दुसरा कागद काढला, वाचला आणि जरा ओशाळला. "बाईंचं काय अडलं न्हाय. शिपायानं तुमच्याबद्दल कुनाला इचारल्यालंच न्हाय. नुसतं लिवलंय, 'सदर बाई घरकाम करतात, हरकत नाही.' तुमचा पासपोर्ट मागल्या आठवड्यातच सुटलाय."

तो दोन दिवसांनी रजिस्टरनं आला. महिपतरावांनी सही करून घेतला, कारण पोस्टमननं तो त्यांच्याच हातात दिला. आत सारजाबाईंचा फोटो होता, कपाळभर कुंकू आणि फोटोवाल्यावर रोखलेले डोळे. खाली जाण्यास परवानगी असलेल्या देशांत सिलोन लिहिलेलं होतं. महिपतराव कितीतरी वेळ ते पुस्तक हातात घेऊन बसले. मग म्हणाले, "नीट ठेव. पुढच्या साली उपयोगी येईल."

सारजाबाईंनी पासपोर्ट चंचीत घातला आणि चंची कमरेला खोचली. प्रवासासाठी साठवलेले पैसेही तिथंच होते. त्याच डाकेनं छबूचं पत्र होतं, ज्येष्ठ लागला की निघते.

दुसऱ्या दिवशी दोघं एस.टी.नं इंदापूरला गेले, दाखला काढायला. सारजाबाई खिडकीशी बसल्या. निमगावचे पानमळे त्यांनी जाता जाता पाहिले, हिरवेगार, गर्द. हे इतकं जवळ होतं आणि सव्वीस वर्षांत कोणी दाखवलं नाही, असं मनात आलं. मग परत राग आला. रागाचं बरं असतं, तो धीर देतो.

द्वारकाबाईंनी दार उघडलं ते सारजाबाईंचं जांभळं लुगडं नेसून.

"वैनी, रागावू नगासा," त्या घाईनं म्हणाल्या. "निगालेल्या मानसाचं कापड अंगाला लागलं की आपल्याला बी परवास घडतो म्हंत्यात. म्या कुठं गेले कवा? ह्या उंबऱ्याच्या भायेर न्हाय."

सारजाबाईंनी दुसरी कोणी असती तर तिला तिथंच उभी सोलली असती. पण त्यांनी द्वारकाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. "ऱ्हाऊ दे तुला," त्या म्हणाल्या. "दुसरं हाय मला."

पिशवी कोपऱ्यात पाटावर होती आणि निघाली तेव्हाच्या दुप्पट फुगलेली. ज्याच्या घरी ती राहिली त्यानं तिला रिकाम्या हातानं पाठवलं नव्हतं. आक्काबाईंनी तांदूळ घातले होते, मळेवाल्यानं मिरच्या, सोपाननं सुपारीची पुरचुंडी, द्वारकाबाईंनी मेतकूट. महिपतरावांनी तळाशी हात घालून दाखला काढला, उन्हात धरून पाहिला आणि समाधानानं घडी केली.

"चल. दुपारच्या गाडीनं परत जाऊ. पिशवी राहू दे इथंच, पुढच्या साली..."

सारजाबाई पाटावर बसल्या आणि बूट घालायला लागल्या. नाड्या कशा बांधायच्या ते ठाऊक नव्हतं, म्हणून धोतराची मारतात तशी गाठ मारली.

"हे काय?"

"सोलापूरची गाडी कवा हाय?"

महिपतरावांना समजायला जरा वेळ लागला. "एकटी? सिलोनला? अगं, तुला तिथली भाषा येत नाही."

"तुमाला येती व्हय?"

"लोक काय म्हणतील?"

"म्हनत्यातच की, महिना झाला, गेली म्हनून. आता खरं तरी हुईल."

"मी नाही, आणि तू एकटी त्या परक्या मुलखात..." त्यांचा आवाज चढला आणि मधेच चिरकला. सव्वीस वर्षांचा नकाशा त्यांच्या चेहऱ्यावर अगदी उघडा पडला होता. "सारजे, ते माझं आहे ग. सिलोन माझं आहे."

आता सारजाबाई बोलल्या, आणि हळू बोलल्या. "सव्वीस वर्सं तुमी रोज गेलासा तितं, फळ्यावर. मला घरी ठिवून. मी कवा इचारलं का, एकटं कसं जाता म्हनून?"

महिपतरावांनी दाखल्याची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. सारजाबाईंना त्यांची दया आली, चांगलीच आली. पण त्यांनी ती बाजूला सारली आणि रागाला घट्ट धरून ठेवलं, कारण तो सुटला असता तर त्या दुपारच्या बारामतीच्या गाडीत बसल्या असत्या. त्यांनी मिरच्या काढून द्वारकाबाईंना दिल्या, तांदूळ राहू दिले, आणि पिशवी उचलायला वाकल्या. एका पट्ट्यात हात गेला, दुसरा सापडेना. तो महिपतरावांनी धरला. का धरला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बहुधा पट्टा पिळलेला होता आणि मास्तरांना वाकडं बघवत नसे.

स्टँडवर अर्धं इंदापूर बघायला उभं होतं. नऊवारी, बूट आणि पाठीवर पलटणीची पिशवी. कंडक्टरनं विचारलं, "कुठं, मावशी?"

"सोलापूर. पुढं मद्रास, तितं सिलोनच्या कचेरीत पासपोर्टावर शिक्का मारून घ्यायचा, मग बोट." मग कंडक्टरचा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "तू सोलापूरचं दे. एक."

गाडी सुरू झाली तेव्हा महिपतराव खिडकीशी आले. घशाशी आलेलं सगळं त्यांना एकदम सांगायचं होतं आणि त्यांना सांगता येत होतं ते एकच. "नैऋत्येचा पाऊस मेच्या अखेरीला लागतो, त्याच्या आत दक्षिण किनारा कर. नुवारा एलियाला गारठा असतो, उंची सहा हजार फूट. चहाचे मळे डोंगराच्या उतारावर असतात, कारण पाणी मुळाशी साचत नाही, आणि तिथली माती..." गाडीबरोबर ते चालायला लागले होते, धोतर सावरत.

"ऱ्हाऊ द्या," सारजाबाई खिडकीतून म्हणाल्या. "आल्यावर मी सांगते."